पुडा पोहोचला, भरवणार कोण?

आषाढातली गोष्ट. जव्हार-मोखाड्याकडच्या एका पाड्यावर आम्ही मुलांची वजनं घ्यायला गेलो होतो. दुपारचा एक वाजून गेलेला, पाऊस नुकताच उघडलेला, आणि अख्ख्या पाड्यावर कामाचं माणूस औषधालाही नाही. सगळे लावणीवर. एका घराच्या ओट्यावर सहा-सात वर्षांची पोरगी मांडीवर भावाला घेऊन बसली होती. भाऊ चौदा महिन्यांचा. त्याच्या दंडाला पट्टी गुंडाळली, तर ती लाल रंगातच थांबली. म्हणजे दंडघेर साडेअकरा सेंटीमीटरच्या आत, म्हणजे तीव्र कुपोषित. बहीण त्याला कोऱ्या चहात बुडवून बिस्कीट भरवत होती. आत भिंतीला खुंटीवर पिशवी, पिशवीत अंगणवाडीतून आलेले टीएचआरचे, म्हणजे घरी न्यायच्या शिध्याचे, पुडे. एक फोडलेला, दोन बंद.

"हे का नाही दिलंस त्याला?"

"ते शिजवाया लागतं, बाई. आयस बोलली, चूल पेटवायची नाय."

आईचं काही चुकलं नव्हतं. सहा वर्षांच्या पोरीला एकटीला, कुडाच्या घरात, चूल पेटवू देणारी आई मलाही नको. सेविकेचंही चुकलं नव्हतं. तिच्या रजिस्टरमध्ये या मुलाच्या नावासमोर पुडे दिल्याची नोंद होती आणि ती खरी होती. पुडा कारखान्यातून तालुक्याला, तालुक्यातून पाड्यावर, पाड्यावरून खुंटीपर्यंत आला. खुंटीपासून मुलाच्या तोंडापर्यंतचं हातभर अंतर मात्र राहून गेलं.

कुपोषणावर आपल्याकडे वाद होतो तो पुड्यात काय असावं यावर. सुखडी की शिरा, गहू-मसूर की तयार पीठ, शेंगदाण्याची पेस्ट की घरची खिचडी, अंडं की केळं. हे प्रश्न क्षुल्लक नाहीत, त्यांच्याकडे मी येणारच आहे. पण तीन वर्षांखालचं मूल स्वतःच्या हाताने जेवत नाही, ही साधी गोष्ट या सगळ्या वादातून निसटते. त्याला कोणीतरी दिवसातून चार-पाच वेळा मांडीवर घेऊन भरवावं लागतं. सरकारी कागदावर शब्द असतो 'वाटप'. आपल्या भाषेत वाटणं वेगळं, वाढणं वेगळं आणि भरवणं वेगळं. आपली योजना पहिल्या शब्दापाशी संपते.

आधी आकडे, कारण त्यांच्याशिवाय हा सगळा एका पाड्याचा गहिवर वाटेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३४.४ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी होती. २०१९-२१च्या फेरीत ती ३५.२ टक्के झाली. उंचीच्या मानाने अतिशय कृश, म्हणजे तीव्र कुपोषित, सरकारी बोलीत 'सॅम', मुलांचं प्रमाण ९.४वरून १०.९ टक्क्यांवर गेलं. देशाची सरासरी होती ७.७. उद्योगात, करात, दरडोई उत्पन्नात पुढे असल्याचं सांगणारं आपलं राज्य या एका रकान्यात देशाच्या बरंच मागे आहे. आणि हे फक्त मेळघाटचं किंवा नंदुरबारचं दुखणं असतं तर राज्याची सरासरी एवढी हलली नसती.

बरं, आपल्याला हे जमत नाही असंही नाही. जव्हारकडच्याच वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी १९९२मध्ये राज्य हादरलं, पुढच्या वर्षी मेळघाट. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २००५ साली, औरंगाबादेतून राज्याचं कुपोषणाविरुद्धचं राजमाता जिजाऊ मिशन सुरू झालं. त्याने रिकामी सरकारी पदं भरण्याचा आग्रह धरला आणि सगळं लक्ष मुलाच्या पहिल्या हजार दिवसांवर, म्हणजे गर्भापासून दोन वर्षांपर्यंत, आणलं. दोन वर्षांखालच्या मुलांमधलं खुजेपण २००५-०६मध्ये ३९ टक्के होतं, ते २०१२च्या राज्यव्यापी पाहणीत २४ टक्क्यांच्या आसपास आलं. श्रेय एकट्या मिशनचं नसेल. त्या वर्षांत मजुरी वाढली होती, रस्ते झाले होते, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली होती. पण कुठे बघायचं हे तेव्हा नेमकं ठाऊक होतं. नंतर नजर ढळली.

आता पेजेचा हिशेब करू. मी गृहविज्ञानाची विद्यार्थिनी, त्यामुळे ही खोड जात नाही.

एक ते दोन वर्षांच्या मुलाला आईच्या दुधाव्यतिरिक्त दिवसाला साधारण ५५० कॅलरी अन्नातून लागतात. सात किलोच्या मुलाचं पोट एका वेळी दोनशे मिलिलिटर धरतं, म्हणजे एक भरलेली वाटी. वाटीभर पातळ पेजेत कॅलरी असतात साठ-सत्तर. म्हणजे नुसत्या पेजेवर त्याला आठ वाट्या लागतील. आठ वाट्या पेज चौदा महिन्यांच्या मुलाला भरवून दाखवा, मी तुमच्या पाया पडेन. त्याच वाटीत एक चमचा तेल आणि दोन चमचे शेंगदाण्याचं कूट घातलं, की शंभरेक कॅलरी वाढतात. आठ वाट्यांचं काम साडेतीन वाट्यांत होतं. यात पोषणशास्त्राचं कुठलंही गूढ नाही. तेल लहान मुलाला जड पडतं ही समजूत आड येते, कूट करायला वेळ लागतो, उष्टावण लांबतं, हे सगळं खरं. तरी साडेतीन वाट्या म्हणजे भरवण्याच्या किमान चार बैठका, आणि प्रत्येक बैठक वीस मिनिटांची, कारण अशक्त मूल पटापट गिळत नाही. तोंड फिरवतं, थुंकतं, मध्येच झोपतं. सकाळी सातला घरातून निघून संध्याकाळी सहाला परतणाऱ्या बाईच्या दिवसात या चार बैठका कुठे बसवायच्या? एक पहाटे होईल, एक रात्री. मधल्या दोन त्या पोरीच्या मांडीवर, कोऱ्या चहासोबत.

पेस्टचा वाद या पार्श्वभूमीवर बघावा. शेंगदाणे, दुधाची पावडर, तेल, साखर आणि जीवनसत्त्वं-खनिजं घोटून केलेली ही पेस्ट फ्रान्समध्ये १९९६च्या सुमारास तयार झाली. ९२ ग्रॅमची एक पुडी, पाचशे कॅलरी. पाणी लागत नाही, शिजवावी लागत नाही, जंतू वाढत नाहीत. २००५मध्ये नायजरच्या दुष्काळात तिने हजारो मुलं तगवली, आणि २००७मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफने तीव्र कुपोषित मुलांवर घरच्या घरी उपचार करायला तिला मान्यता दिली. भारतात मात्र सुरुवातीपासून खटका उडाला. २००९मध्ये युनिसेफने आणलेला साठा केंद्र सरकारने परत न्यायला लावला. २०१७मध्ये केंद्राने राज्यांना कळवलं की ही पेस्ट म्हणजे देशाचं स्वीकारलेलं धोरण नव्हे. त्याच सुमारास महाराष्ट्रात तिच्यावरून कार्यकर्ते आणि शासन आमनेसामने आले होते.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं मला अर्धं पटतं. कुपोषण म्हणजे गरिबी, आणि गरिबीवर पुडी विकणाऱ्यांचा बाजार उभा राहू नये, ही भीती रास्त आहे. पण त्यांच्यातले काही जण पुढे जाऊन म्हणतात की घरच्या अन्नानेच सॅमचं मूल बरं होतं, तेव्हा मी थांबते. दिल्ली, राजस्थान आणि तमिळनाडूत नऊशेवर सॅम मुलांवर यासंबंधी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१६मध्ये आले. सोळा आठवड्यांत, इथेच तयार केलेल्या पेस्टवरची ५६.९ टक्के मुलं बरी झाली, कारखान्यातल्या पेस्टवरची ४७.५ टक्के, आणि सुधारित घरच्या अन्नावरची ४२.८ टक्के. म्हणजे पेस्ट उपयोगी आहे, आणि आपली आपण केलेली पेस्ट विकतच्यापेक्षा उणी नाही. मुंबईत सायनच्या पालिका रुग्णालयाने अशी पेस्ट स्वतः तयार करून धारावीतल्या मुलांना दिली, हे आपल्याच राज्यातलं उदाहरण. सॅमच्या मुलाची भूक बऱ्याचदा मंदावलेली असते, आतड्याला सूज असते. त्याच्यासाठी ही पेस्ट औषध आहे आणि औषधासारखी मोजून, आठ आठवडे, डॉक्टर किंवा नर्सच्या नजरेखाली द्यावी. न्यूमोनिया झालेल्या मुलाला आपण तुळशीचा काढा पुरे म्हणत नाही.

पण त्याच चाचणीतली दुसरी गोष्ट कोणीच फारशी सांगत नाही, दोन्ही बाजूंना अडचणीची असल्यामुळे असेल. उपचार थांबल्यावर पुढच्या सोळा आठवड्यांत बरी झालेली बहुतेक मुलं पुन्हा घसरली. कुठल्याही गटातली. पेस्टवाली, घरच्या अन्नाची, सगळी. मूल त्याच घरात, त्याच दुपारी, त्याच रिकाम्या ओट्यावर परत गेलं होतं.

आपल्याकडच्या पोषण पुनर्वसन केंद्रांचंही हेच होतं. मुलाला चौदा दिवस ठेवायचं, विशेष दूध द्यायचं, वजन वाढवायचं, घरी पाठवायचं. आईला बुडीत मजुरी मिळते, ही आपल्या व्यवस्थेतली फार शहाणी कल्पना. बाईच्या वेळेला किंमत आहे हे सरकारने लेखी कबूल केल्याचं दुसरं उदाहरण मला पटकन आठवत नाही. पण ती चौदा दिवसांपुरतीच. घरी दोन मुलं आणि शेळ्या टाकून ऐन लावणीत चौदा दिवस तालुक्याला जाऊन बसणं किती जणींना जमतं, हा आणखी वेगळा प्रश्न.

अ जीवनसत्त्वाचे डोस, लोहाचं औषध, जुलाब झाल्यावर चौदा दिवस झिंक, जंताची गोळी, यांबद्दल मला फार म्हणायचं नाही. ते द्यावंच, बिनतक्रार द्यावं. ही कामं एका भेटीत होतात, म्हणूनच ती बऱ्यापैकी होतातही.

आता त्या टीएचआरकडे, घरी न्यायच्या शिध्याकडे. अंगणवाडीत गरम ताजा आहार मिळतो तो तीन ते सहा वर्षांच्या मुलांना. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना मिळतो पुडा. खुजेपणाचं बहुतेक नुकसान दोन वर्षांच्या आत होऊन जातं, हे आता आशा कार्यकर्तीलाही तोंडपाठ आहे. तरी ज्या वयात नुकसान होतं त्या वयात आपण पीठ देतो, आणि नुकसान होऊन गेल्यावर ताट वाढतो. २ ऑक्टोबर १९७५ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हापासून दिवसभराची खरी सेवा थोरल्या मुलाचीच राहिली, कारण तो आपल्या पायांनी चालत येतो.

पुड्याभोवती मात्र केवढं राजकारण. सर्वोच्च न्यायालयाने २००४मध्ये सांगितलं की अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत. ठेकेदार गेले आणि महिला मंडळांची पाटी लावून परत आले, असे आरोप वर्षानुवर्षं होत राहिले. २०१९च्या फेब्रुवारीत त्याच न्यायालयाने महाराष्ट्राची हजारो कोटींची टीएचआर निविदा रद्द केली, कारण तिच्या अटी अशा होत्या की खरा बचतगट दारातच अडखळावा. करोनाच्या काळात पुड्याऐवजी गहू, मसूर, हरभरा असा कोरडा शिधा आला. तो किमान घरात शिजला आणि सगळ्यांनी खाल्ला. 'सगळ्यांनी खाल्ला' ही आपल्याकडे तक्रार मानली जाते. पाच तोंडांच्या उपाशी घरात एकट्या धाकट्याचा पुडा वेगळा राहील, असं कागदावर धरणाऱ्याला नेमकं काय म्हणावं? काही पुडे शेळ्या-म्हशींच्या आंबोणात गेलेलेही मी पाहिलेत, आणि चव घेऊन पाहिल्यावर म्हशींना दोष द्यावासा वाटला नाही.

पैशांचं सांगायचं तर मुलामागे दिवसाला आठ रुपये हा केंद्राचा दर २०१७मध्ये ठरला. त्यानंतर अंड्याचा भाव कुठे गेला हे ज्याने त्याने आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात बघावं; आठ रुपयांतलं बहुतेक एका अंड्यातच संपतं. आदिवासी भागात अब्दुल कलाम अमृत आहार योजनेने २०१५पासून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण आणि पुढे लहान मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळं द्यायला सुरुवात केली. माझ्या मते गेल्या वीस वर्षांतली राज्याची ही सर्वांत चांगली पोषण योजना, कारण यात बाई अंगणवाडीत बसून जेवते. शिजवणारे हात आहेत, वाढणारे हात आहेत, आणि जेवणारीचे हात तिचे तिला आहेत. धाकट्याचं अंडं मात्र पुन्हा घरी जातं किंवा थोरली बहीण घेऊन जाते. (शाळेच्या पोषण आहारातल्या अंड्यासाठीचा राज्याचा पैसा २०२५च्या जानेवारीत बंद झाला आणि अंडी लोकवर्गणीतून द्या असं सांगण्यात आलं. त्यावर एक स्वतंत्र लेख लिहावा लागेल, आणि तो सभ्य भाषेत लिहिता येईल का याची मला खात्री नाही.)

मला हवं आहे ते पाळणाघर. शहरात नोकरदार आईबापांसाठी असतं तसलं रंगीत नको. पाड्यावर, अंगणवाडीच्या पडवीत किंवा कोणाच्या घरी, सहा महिने ते तीन वर्षांच्या दहा-बारा मुलांसाठी. आई कामाला निघते तेव्हा उघडणारं आणि ती परतते तेव्हा बंद होणारं. दिवसातून तीनदा खाणं, त्यातलं दोनदा तेल-कूट घातलेलं, जमेल तेव्हा अंडं. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगच्या डॉक्टरांनी जंगलातल्या गावांत 'फुलवारी' नावाने हेच केलं; गावातल्याच बायका, सत्तू, वरून तेल सोडलेली खिचडी. पुढे २०१२च्या सुमारास त्या राज्याच्या सरकारनेही ती कल्पना उचलली. केंद्राच्या २०२२च्या 'पाळणा' योजनेत देशभरात सतरा हजार अंगणवाडी-पाळणाघरांचं उद्दिष्ट आहे. देशात अंगणवाड्या तेरा-चौदा लाख आहेत, त्यामुळे या आकड्यावर वेगळं भाष्य नको. आणि आपल्याला तर ही कल्पना परकी वाटायचं कारणच नाही: रोजगार हमीच्या २००५च्या केंद्रीय कायद्यात, कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमून तिला मजुरी द्यावी, असं लिहिलेलं होतं. कामावर झाडाला बांधलेल्या झोळ्या मी खूप पाहिल्या. अशी नेमलेली बाई फार क्वचित.

आक्षेप येतील, त्यातला पैशाचा खरा आहे. हिशेब मांडू. दहा मुलांमागे दोन बायका, रोजगार हमीच्या दराने प्रत्येकी तीनशे रुपये. म्हणजे मुलामागे दिवसाला साठ. खाण्याचे पंचवीस धरले तर पंच्याऐंशी. महिन्याचे पंचवीस दिवस, दोन हजारांवर रक्कम. आजच्या आठ रुपयांच्या शेजारी ही रक्कम दांडगी दिसते आणि ती स्वस्त आहे असं मी म्हणणार नाही. पण एका सॅम मुलाच्या पेस्ट-उपचाराचा खर्च चार हजारांच्या घरात जातो, आणि तो मुलगा परत घसरला की पुन्हा तेवढाच. मुलांना एकत्र ठेवलं तर खोकला-जुलाब पसरतील हाही आक्षेप खोटा नाही. साबण, पाणी आणि वेळेवर येणारी नर्स लागेल. सगळीकडे एकदम सुरू करायची गरजच नाही. लावणीच्या आणि कापणीच्या दिवसांत, सॅमची मुलं जिथे जास्त त्या पाड्यांवर, चार महिने. नंतर बघू. वीटभट्टीवर आणि उसाला जाणाऱ्या कुटुंबांचं काय, याचं उत्तर माझ्याकडे अर्धंच आहे: पाळणाघर तिथेच हवं, मालकाच्या खर्चाने. तो ते सुखासुखी देणार नाही.

हे काम सेविकेच्या डोक्यावर टाकू नये, एवढं मात्र ठामपणे. तिच्याकडे वजनं आहेत, लसीकरण आहे, पूर्वप्राथमिक वर्ग आहे, आणि मोबाइलमधलं पोषण ट्रॅकर हे नोंदींचं ॲप आहे, जे इंग्रजीत आलं आणि फोनही नीट चालेनात म्हणून २०२१मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी फोनच परत केले होते. २०२३च्या डिसेंबरात मानधनासाठी त्या संपावर गेल्या आणि ५२ दिवस हटल्या नाहीत. त्यांच्या ओझ्यावर आणखी दहा तान्ही ठेवणं म्हणजे पाळणाघर सुरू व्हायच्या आधीच बुडवणं. नवे हात हवेत, आणि त्यांना मजुरी हवी. 'सेवाभाव' हा शब्द ऐकला की मी सावध होते. तो बहुतेक वेळा बाईला पैसे न देण्यासाठी वापरतात.

त्या दिवशी संध्याकाळी लावणीवरून माणसं परतली. मुलाला तालुक्याला न्यायचं ठरवताना, पाड्यावरच्या कोणी दिवसभर मुलं सांभाळली तर कसं, असं मी सहज बोलून गेले. मजुरी मिळेल म्हटल्यावर दारात सुपारी कातरत बसलेली म्हातारी हसली. "पोरां सांभाळाया पैसं देतील? मंग मी बसंन की." तिने पाच पोरं वाढवली होती, दोन पुरली होती. भरवणं तिला माझ्यापेक्षा नक्की जास्त कळत होतं. फक्त तिला एका डोळ्याने दिसत नव्हतं आणि दुसऱ्यात मोतीबिंदू पिकला होता. चुलीपाशी रांगणाऱ्या मुलांच्या मागे ती एकटी पुरली नसती. हिशेबात मी दोन बायका धरल्या, त्या म्हणूनच.